डाव्या मुठीतल्या वाती

सौदीतल्या राबिघमध्ये कादिर होडेकरला कादिर म्हणून हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे त्याला ‘अबू कुतुन’ म्हणतात. कुतुन म्हणजे कापूस, तेव्हा अबू कुतुन म्हणजे झाला कापसाचा बाप. रिफायनरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरवाला आणि मंदी, म्हणजे तिकडचा मटणभात, विकणारा मंदीवाला यांच्या मधोमध वेपचं एक दुकान आहे. काचेमागे रंगीत बाटल्या, आत दात वाजतील असा एसी आणि गल्ल्याशेजारी उंच स्टुलावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसलेला कादिर. चाळिशी उलटली, केस मागे हटले, पण बोटं अजून मुलीसारखी निमुळती. हे सगळं कौतुक त्या बोटांचंच आहे.

आता वाफ ओढायच्या यंत्रात कापसाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण यंत्र कितीही भारी असो, त्याच्या पोटात तारेचं एक बारीकसं वेटोळं असतं आणि त्या वेटोळ्यातून गेलेली असते कापसाची वात. दिव्यातली वात तेल पिते, तशी ही बाटलीतला अर्क पिते. तार तापली की त्याची वाफ होते आणि गिऱ्हाईक ती ओढतं. थोड्या दिवसांत वात करपते. मग ती काढा, तार साफ करा, नवी घाला. काहीजण हे घरी करतात. ज्यांना जमत नाही ते कादिरपुढे येऊन बसतात. सिगारेट सोडायची म्हणून यंत्र घेतलेली आणि आता दोन्ही ओढणारी ही मंडळी, पण त्यांच्या शहाणपणाबद्दल कादिर चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाईकाशी वाद घालून कुणाचं दुकान चाललंय?

वात वळायला त्याला शिकवलं भीमाबाईने.

दाभोळच्या खाडीकाठी होडेकरांचं घर मोहल्ल्यातलं शेवटचं आणि भीमाबाईचं घर भंडारवाडीतलं पहिलं. मध्ये फक्त एक गडगा, तोही गुडघ्याएवढा. कादिरचा बाप बोटीवर, आईला दमा. थंडीत तिचा श्वास कोंडला की पोराला गडग्यावरून पलीकडे दिलं जायचं, आणि भीमाबाईला स्वतःचं मूल नसल्यामुळे पलीकडून त्याला परत द्यायची कुणालाच घाई नसायची. तिच्या परसात देवकापसाचं झाड होतं. बोंडं फुटली की ती कापूस वेचायची, सरक्या काढायची, बोटांनी पिंजायची आणि ओट्यावर पाय पसरून पोटरीवर देवापुढच्या दिव्याच्या वाती वळायची. शेजारी चुलीतली राख असायची. राखेचं बोट लावलं की कापूस निसटत नाही, पीळ धरतो. कादिरने बघून बघून ते उचललं. मोहल्ल्यातल्या एकदोघांनी नाकं मुरडली, वाडीतल्या एकदोघींनीही मुरडली. भीमाबाईने दोन्हीकडच्यांना एकाच मापाने घेतलं. “पोराच्या हाताला वळन हाय,” ती म्हणाली, “तुमच्या तोंडाला कवा येनार ते बगा.”

वातींच्या बाबतीत तिचे दोन नियम होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. एक, एका सांजेला एक वात. अर्धी जळलेली वात दुसऱ्या दिवशी लावायची नाही, तो उष्टा दिवा. आणि दुसरा, वाती वळायच्या त्या या आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतच्या. त्याच्या पलीकडची एकही नाही. एकदा सुट्टीत कादिरने हौसेने सूपभर वाती वळून ठेवल्या. शाबासकी मिळेल म्हणून तो बसला होता. भीमाबाईने सूप बघितलं, खाली बसली आणि जास्तीच्या सगळ्या वाती एकेक करून उलगडल्या.

कारण त्याला नंतर आईकडून कळलं. भीमाबाईचा नवरा मालाच्या गलबतावर तांडेल होता. माणूस पाण्यावर असला की घरच्या बाईने ओट्यावरच्या कोनाड्यात रोज दिवा लावायचा, ही त्या किनाऱ्याची रीत. भीमाबाई तेव्हा नवी नवरी. हाताला काम नव्हतं म्हणून तिने एका पावसाळ्यात सूपभर वाती वळल्या. गलबत गेलं ते आलंच नाही. तिने त्या सुपातली शेवटची वात संपेपर्यंत दिवा लावला आणि मग त्या माणसाच्या नावाने दिवा लावणं थांबवलं. जेवढ्या वाती वळाव्या तेवढे दिवस माणूस लांब राहतो, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशातली ती बाई.

पुढे कादिर सौदीला निघाला त्या संध्याकाळी तो कोनाडा इतक्या वर्षांनी पुन्हा उजळला. बायको फरहाना घरात होती, आई तेव्हा हयात होती, पण दिवा लावला भीमाबाईने. विमानाने गेलेल्या माणसाला ही रीत लागू नाही असं कुणी म्हटलं, तर तिने विचारलं, “मदी पानी हाय का नाय?”

कादिर आधी एका पेट्रोकेमिकल कंपनीच्या ठेकेदाराकडे होता. ते काम संपलं आणि त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आला अबू तुर्कीच्या नावावर. अबू तुर्की म्हणजे या वेपच्या दुकानाचा मालक, पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. पहिल्याच दिवशी त्याने कादिरच्या हातात जपानी कापसाची पट्टी दिली, तार दिली आणि तारेत कापूस घाल म्हणून सांगितलं. कादिरला वाटलं, हे तर आपल्या घरचं काम. त्याने इकडे तिकडे बघितलं. दुकानात चूल कुठली? पण कोपऱ्यात ऊद जाळायचं धुपाटणं होतं. त्यातल्या राखेचं बोट घेऊन त्याने पोटरीवर अशी झकास, ताठ, पिळाची वात वळली की भीमाबाईने पाठ थोपटली असती. गिऱ्हाईकाने यंत्र तोंडाला लावलं, जोरात ओढलं आणि खोकत खोकत जे रस्त्यावर गेलं ते आत यायलाच तयार होईना. पिळाच्या वातीतून अर्क चढत नाही, कोरडा कापूस जळतो, आणि वर राखेची चव. अबू तुर्कीचा आवाज मंदीवाल्यापर्यंत गेला. खोलीवर शारीकने, म्हणजे त्याच्याबरोबर राहणाऱ्या गुहागरच्या मित्राने, हे ऐकून पोट धरलं. “कंपनी पन गेली, हे पन जानार,” तो म्हणाला. “तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!”

हे काम काही गेलं नाही. कादिर शिकला. वेपच्या वातीला पीळ द्यायचा नसतो. कापसाची वरची साल काढायची, वेटोळ्याच्या रुंदीची पट्टी घ्यायची, फक्त टोक बोटांत फिरवून निमुळतं करायचं आणि तारेतून हळू ओढायचं. ओढताना किंचित अडलं पाहिजे, तार हलता कामा नये. मग दोन्ही टोकं तिरकी कापायची, चिमट्याने विंचरून मोकळी करायची आणि खाली अर्कात सोडायची. दाटली तर करपते, सैल राहिली तर गळते. बोटांनी जे लहानपणी कमावलं होतं ते त्याने हळूहळू बोटांतून काढून टाकलं. सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा अबू तुर्की त्याला पट्ट्या कापून डबे भरून ठेवायला लावायचा. आगाऊ तयारी असली की धंद्याला बरकत, असं त्याचं म्हणणं. कादिरलाही त्याची सवय झाली.

राबिघलाही समुद्र पश्चिमेलाच आहे. संध्याकाळी सूर्य पाण्यात जातो तो दाभोळला जातो तसाच. पण वेळ जुळत नाही. तिकडे दिवेलागण होते तेव्हा इकडे असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज उरकून दुकानाचं शटर वर जात असतं आणि बाहेर डोळे दिपतील असं ऊन असतं. त्याच वेळी फरहानाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती फोन घेऊन गडगा ओलांडायची आणि कादिर त्या भगभगत्या उन्हाकडे पाठ करून, मोबाइलच्या पडद्यात, कोनाड्यातला दिवा बघायचा. आपला म्हणून लावलेला दिवा आपल्याला लांबून बघायला लागणं, यासारखी हुरहूर दुसरी नाही. तो दोन मिनिटं बोलायचा. पण त्या दोन मिनिटांसाठी तो सकाळपासून घड्याळाकडे बघत असायचा, हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“कवा येतोस रे?” भीमाबाई विचारायची.

“शिमग्याला, काकी.”

“कंच्या शिमग्याला?”

हा प्रश्न वाजवीच होता. तीन शिमगे हुकले होते. शिमग्यात देवाची पालखी मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबते तेव्हा होडेकरांच्या घरचा नारळ जातो. तिन्ही वर्षं तो फरहानाने दिला होता.

त्या वर्षी पावसाच्या अखेरीला भीमाबाईला वाऱ्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला. मूठ मिटेना. फरहानाने बाजारातून वातींचं पाकीट आणलं. भीमाबाईने त्यातली एक लावून बघितली आणि पाकीट मिश्रीच्या डबीमागे सारून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने फोन डाव्या हातात मागून घेतला.

“तू तिथं वाती करतोस ना?”

“करतो. पन त्या धुराच्या, काकी.”

“मी मिश्री लावते, तू धूर विक. अल्ला आनि देव दोगांना बगून घेतील. माज्या वाती तू वळायच्यास. फरानाला नाय जमत, तिचा हात जड.”

“माझा हात जड, आणि स्वयंपाक कुनाचा खाता रोज?” फरहाना मागून म्हणाली.

कादिर हसला. पण त्याच आठवड्यात अबू तुर्कीने त्याला खांद्यावर हात टाकून एक गोष्ट सांगितली होती. यंबूच्या रस्त्याला तो दुसरं दुकान काढत होता. ते कादिरच्या ताब्यात देणार होता, पूर्ण. पण नवा करार दोन वर्षांचा, आणि दुकान जम धरेपर्यंत गावी जायचं नाव काढायचं नाही. कादिर ‘इन्शाअल्ला’ म्हणाला. अबू तुर्कीने ते ‘हो’ धरलं. कादिरनेही ते खोडून काढलं नाही. हाताखाली माणसं, स्वतःची खुर्ची, कुणाला नको असतं? कागद तयार व्हायचा होता, सही व्हायची होती. फरहानाला त्याने सांगितलं. ती म्हणाली, “माझं राहू दे. त्यांना काय सांगू?”

“काकीला काय नको सांगू. सही झाली की मी सांगीन.”

“तुमी सांगनार?”

“मीच सांगीन.”

तर सही करायची की घरी जायचं, हे कादिरच्या छातीवर बसलेलं होतं, आणि त्यातच तो वाती वळायला बसला. पहिली वात त्याने मोबाइलसमोर धरली. भीमाबाईने डोळे बारीक केले.

“ही वात नाय. ही मांजराची शेपटी.”

खरंच होतं. बोटं पीळ द्यायला तयार नव्हती. वळायला गेला की आपोआप सैल व्हायची, विंचरायला बघायची. ज्या हाताला लहानपणी वाखाणलं, तो हात परका झालाय हे कळल्यावर कादिर चांगलाच हादरला. धुपाटण्यातली राख त्याने पुन्हा चिमटीत घेतली. दुपारी दुकान बंद असताना आतल्या खोलीत, लुंगी वर करून, पोटरीवर कापूस घासत तो बसायचा. अबू तुर्कीने एकदा दार उघडलं, बघितलं, “वल्ला, अबू कुतुन!” म्हणाला आणि दार लावून घेतलं. रोज असरनंतर एक वात पडद्यासमोर जायची; तोवर कोनाड्यात फरहानाने कशाबशा वळलेल्या जाडजूड वाती लागत होत्या. मांजराची शेपटी, मग गांडूळ, मग सुतळी असं करत करत एके दिवशी भीमाबाई नुसतीच म्हणाली, “हां.”

त्या ‘हां’ने कादिर हरखलाच. हात परत आला होता. मग त्याला थांबवेना. शारीक महिनाभराच्या सुट्टीवर निघायचा होता, त्याच्याबरोबर पाठवायला त्याने खजुराचा मोठा चौकोनी डबा घेतला आणि वळत सुटला. रोज दुपारी वळायचा, रचायचा, थरावर थर. आपण नसलो तरी तिला काही कमी पडू नये, असं तो मनाशी म्हणायचा. आपण हे नक्की का म्हणतोय, इकडे त्याने बघितलं नाही. डबा गच्च भरला तेव्हा त्याने वरून हात फिरवला. इतकं समाधान त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आगाऊ तयारीची दुकानातली सवय त्याच्या अंगात पुरती मुरली होती आणि सुपातल्या वाती उलगडत बसलेली भीमाबाई त्याला आठवली नाही. अगदी आठवली नाही.

शारीकने डबा नेऊन दिला. त्या दिवशी असरनंतर फोन आला तेव्हा कोनाड्यात कादिरची वात जळत होती, सरळ, न तडतडता.

“काकी, बघा कशी उभी राहिलीय!”

भीमाबाई दिव्याकडे बघत नव्हती. ती पायाशी उघड्या पडलेल्या डब्याकडे बघत होती. तिने डाव्या हाताने झाकण लावलं, भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

“मी काय बोलले नाय,” फरहाना हळू आवाजात म्हणाली. “शपथेवर. तुमच्या डब्यानेच सांगितलं.”

तेव्हा कादिरला सूप आठवलं. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं. तो त्याखाली वाकलेला तसाच उभा राहिला आणि बाहेरचं गिऱ्हाईक ‘यल्ला, यल्ला’, चल आटप, करत राहिलं.

भीमाबाई त्यानंतर फोनवर आली नाही. दिवा लागायचा, फरहाना दाखवायची, ओट्यावर कुणी नसायचं. कादिर विचारायचा, काकी कुठे? झोपल्या. काकी कुठे? परसात. एकदा फरहाना चिडून म्हणाली, “काकी इथेच आहेत. तुमचं तोंड बघायचं नाय त्यांना.” रिकामा ओटा आणि त्यावरचा आपलाच दिवा, हे बघून फोन ठेवणं कादिरला जड जायचं. अबू तुर्कीचा कागद तयार होऊन गल्ल्यात आला होता. दोनदा त्याने पेन पुढे केलं, दोन्ही वेळा कादिरला नेमकी कुठली तरी तार तापवून बघायची होती.

शिमगा तोंडावर आला तेव्हा शारीक परतला. बॅगेतून त्याने सुकट काढली, कोकमं काढली, आणि सर्वांत खालून तोच खजुराचा डबा काढून कादिरच्या मांडीवर ठेवला.

“निघायच्या दिवशी भेटायला गेलो, तर म्हातारीने हा समोर आणून ठेवला. डाव्या मुठीत मावल्या तेवढ्या घेतल्यान, बाकीचा डबा माझ्या हातात दिलान.”

“काय म्हनाली?”

“काय नाय.”

“कायतरी म्हनाली असेल, शारीक.”

“‘पुरतील’ म्हनाली.”

कादिरने झाकण उघडलं. डबा जवळजवळ भरलेलाच होता. वरचा थर महिनाभरात जळून उतरला होता आणि एका कोपऱ्यात खळगा पडला होता, तिची मूठ जिथे गेली तिथे. त्याने स्वतःची डावी मूठ त्या खळग्यात घालून बघितली. मूठ आत जाईना. केवढीशी होती तिची मूठ! आणि त्यातली रोज एक जळत होती. त्या संपल्या की ती पुढच्या मागणार नव्हती, बाजारातलं पाकीट उघडणार नव्हती. एका माणसाच्या नावाने तिने हे पूर्वी करून दाखवलेलं होतं. कादिरला रडू आलं, आणि शारीकने मुद्दाम पाठ करून सुकट फडक्यात बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच तो अबू तुर्कीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, सही करत नाही, मला सुट्टी हवी. अबू तुर्कीला आधी थट्टा वाटली. मग त्याने आवाज चढवला, मग समजावलं, मग विचारलं, घरी कोण मेलं का? कादिर म्हणाला, कुणी मेलं नाही, म्हणूनच जायचंय. शेवटी अबू तुर्की म्हणाला, नवं दुकान दुसऱ्याला देईन. दे, म्हणाला कादिर. आणि इथे बसायला माणूस येईपर्यंत हलायचं नाही, असंही मालकाने बजावलं. तो माणूस जिझानहून यायचा होता, आज येतो उद्या येतो करत होता. एवढं म्हणून अबू तुर्कीने गल्ल्यातला कागद काढला, चुरगाळला आणि खलास म्हणून टोपलीत टाकला. एवढी वर्षं जवळ ठेवलेला माणूस जातोय याचं त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी मंदी त्याने मागवली.

असरनंतर कादिरने स्वतःच फोन लावला.

“काकींना फोन दे.”

“येनार नाय त्या.”

“मग स्पीकर मोठा कर आणि कोनाड्याजवळ धर.” फरहानाने धरला. कादिर म्हणाला, “काकी, आनखी दोन वर्षांच्या कागदावर सही नाय केली. येतोय मी. माझ्या जागी माणूस आला की दुसऱ्या दिवशी निघतो. पन तो कवा येईल सांगता येत नाय, म्हनून विचारतो. किती उरल्या?”

ओट्यावर कुणी नव्हतं. दिवा तेवढा जळत होता. मग दारातून ती आली, भिंतीला धरत, आणि फोनकडे न बघता कोनाड्याशी उभी राहिली.

“तुला काय करायचंय?” ती म्हणाली. “ये आनि बग.”

एवढंच बोलून ती वळली. कादिरला पडद्यावर तिची पाठ दिसली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्याला फोन ठेवावा लागला.

दोन-अडीच तासांनी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग होऊन शटर खाली येत असताना, फरहानाचा पुन्हा फोन आला. या वेळी ती कधी फोन करत नसे.

“काय झालं? काकी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. जेवल्या पन.” फरहाना कुजबुजत होती. “ऐका. आज त्यांनी दिवा लवकर शांत केला. मी बघितलं. वात अर्धीपन जळली नव्हती. चिमटीत धरून विझवली आणि पुसून ठेवली कोनाड्यात.”

“ठेवली? उष्टी वात?”

“उद्याला,” फरहाना म्हणाली.